चेकडिस्क चालवण्याआधी डिस्कची नोंदवही वाचा

कॉम्प्युटर अडखळायला लागला, फोल्डर उघडताना वरची हिरवी पट्टी अर्ध्यावरच थांबून राहायला लागली, की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन स्लॅश आर जोडून द्यायचं आणि मशीन रात्रभर चालू सोडायचं. डिस्क धडधाकट असेल तर यात काही बिघडत नाही. पण डिस्कच्या आतली, डेटा धरून ठेवणारी फिरती तबकडीच खराब व्हायला लागली असेल, तर हाच उपाय डिस्कचा शेवट जवळ आणतो, आणि तोही डेटा बाहेर काढायच्या आधी. लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, डीटीपीवाल्यांच्या दहा-दहा वर्षांच्या फाइली अशाच जातात. म्हणून आधी क्रम पक्का करा: पहिल्यांदा डिस्कची प्रकृती वाचायची, मग डेटा बाहेर काढायचा, आणि दुरुस्तीला हात त्यानंतरच लावायचा.

चेकडिस्क मुख्यतः फाइल सिस्टिम तपासतं. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, कोणती जागा रिकामी आहे, कोणतं फोल्डर कशाच्या आत आहे, याचं जे दप्तर विंडोज ठेवतं, ते. शेतीच्या भाषेत सांगायचं तर हा सातबारा. वीज गेली, यूएसबी मध्येच उपसली, तर सातबाऱ्यातल्या नोंदी एकमेकींशी जुळेनाशा होतात आणि चेकडिस्क त्या जुळवून देतं. पण जमीनच खचत असेल तर सातबारा दुरुस्त करून काय उपयोग? जमिनीची नोंद वेगळीकडे असते. ती डिस्क स्वतःच ठेवते, तिचं नाव स्मार्ट. डिस्कच्या आत तिचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा छोटा प्रोग्रॅम असतो आणि किती तास चाललो, किती वेळा चालू-बंद झालो, किती सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, वाचता आले नाहीत, हे सगळं तो स्वतः लिहून ठेवतो. विंडोज ही नोंदवही आपणहून उघडून दाखवत नाही.

नोंदवही कशी वाचायची

सगळ्यात सोपं साधन म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फो. फुकट आहे, इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्तीही मिळते. उघडल्यावर डाव्या बाजूला मोठ्या चौकोनात गुड, कॉशन किंवा बॅड असं दिसतं: निळा, पिवळा, लाल. त्या निळ्यावर समाधान मानू नका, खालचा तक्ता वाचा. तक्त्यातले रॉ आकडे सुरुवातीला षोडशमानात असतात, म्हणजे १० दिसलं तर ते खरं १६ असतं. फंक्शन मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे १० डेसिमल निवडा, म्हणजे आकडे आपल्या ओळखीच्या रूपात येतील. ओळींचे क्रमांक मात्र षोडशमानातच राहतात.

पाहायच्या ओळी मोजक्याच. ०५, म्हणजे रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर: खराब म्हणून बाद केलेल्या आणि राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या. सी५, म्हणजे दशमानातला १९७, करंट पेंडिंग: वाचता न आलेले, पण अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी६, म्हणजे १९८: डिस्कने स्वतः केलेल्या तपासणीत न वाचता आलेले. बीबी, म्हणजे १८७: कॉम्प्युटरने मागूनही देता न आलेला डेटा. बीसी, म्हणजे १८८: वेळेत पूर्ण न झालेल्या आज्ञा. हजारो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ या बॅकअप कंपनीनेही नजर ठेवण्यासाठी नेमक्या याच पाच ओळी निवडल्या आहेत. यांत मी सी७, म्हणजे १९९ जोडतो. ती केबलची ओळ आहे, तिच्याबद्दल पुढे.

एका गोष्टीने मात्र घाबरू नका. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोटींतले आकडे दिसतात. रीड एरर रेट, सीक एरर रेट अशी नावं वाचून लोक धास्तावतात. त्या आकड्यात चुका आणि एकूण केलेली कामं एकत्र बांधलेली असतात, त्यामुळे तो निरोगी डिस्कवरही अवाढव्य दिसतो. तिथे रॉ आकडा सोडून द्या आणि करंट व वर्स्ट हे रकाने थ्रेशोल्डच्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, वर आहेत ना, एवढंच पाहा.

आता सी५. डिस्कच्या प्रकृतीबद्दल एकच आकडा पाहायचा झाला तर मी हाच पाहीन. एखादा सेक्टर वाचायला डिस्क गेली आणि तिथला मजकूर त्याच्या तपासणी-संकेताशी जुळला नाही, की ती पुन्हा वाचते, पुन्हा वाचते, तबकडीवरून वाचणारं डोकं थोडं इकडेतिकडे सरकवून वाचते. कॉम्प्युटर थिजल्यासारखा होतो तो याच वेळी. तरीही जमलं नाही, तर तो सेक्टर पेंडिंगच्या यादीत जातो. डिस्क तो लगेच बाद करत नाही, कारण बाद केला तर आतला डेटा कायमचा सुटला. ती वाट पाहते. पुढे कधी तोच सेक्टर नीट वाचता आला तर ठीक. किंवा त्या जागेवर नवीन काही लिहायची आज्ञा आली, तर डिस्क लिहून पाहते. लिहिलेलं नीट टिकलं तर सेक्टर यादीतून मोकळा होतो. नाही टिकलं तर त्याच्या जागी राखीव सेक्टर लागतो, सी५ एकाने उतरतो आणि ०५ एकाने चढतो.

यावरून दोन गोष्टी कळतात. नुसतं वाचत राहून खराब सेक्टर बरा होत नाही, त्याचा निकाल बहुतेकदा लिहिण्यानेच लागतो. आणि चेकडिस्क स्लॅश आर वाचूनच तपासतं. न वाचता आलेला क्लस्टर, म्हणजे सेक्टरांचा गट, ते विंडोजच्या दप्तरात बाद म्हणून नोंदवतं आणि पुढे जातं. सी५ तसाच राहतो. लोक म्हणतात, चेकडिस्क केलं तरी क्रिस्टलमध्ये पिवळं का? त्याचं कारण हे.

सी५ मध्ये ८, १६, २४ असे आठच्या पटीतले आकडे दिसले तर आश्चर्य वाटू द्यायला नको. आताच्या डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि कॉम्प्युटरला तो ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांसारखा दाखवला जातो. एक खरा सेक्टर गेला की आकडा आठाने वाढतो.

किती आकडा धोक्याचा? ०५ मध्ये चार-पाच असतील आणि तीन महिने तेवढेच राहिले, तर ती डिस्क दुय्यम कामाला वापरता येते. पण तोच आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर लहान असला तरी डिस्क बदला. आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हे महत्त्वाचं. म्हणून आज पाहिलेले आकडे तारखेसह कुठेतरी लिहून ठेवा. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला तरी चालेल. गूगलच्या तिघा अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात पहिली स्कॅन एरर, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत सापडलेली चूक, दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मोडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात उलट बाजूही आहे: मोडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही खूण आधी दिसली नव्हती. म्हणजे नोंदवहीत वाईट लिहिलं असेल तर विश्वास ठेवा. चांगलं लिहिलं असेल तर बॅकअप तरीही ठेवा.

पिवळं दिसलं, आता काय

त्या क्षणापासून त्या डिस्कवर काहीही नवीन लिहायचं नाही. डीफ्रॅग नाही, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन नाही, विंडोज अपडेट नाही. दुसरी डिस्क जोडा आणि ज्याच्याशिवाय चालणार नाही तेच आधी उचला. टॅलीचं डेटा फोल्डर काहीशे एमबीचं असतं, ते पहिलं. चारशे जीबीचे व्हिडिओ सगळ्यात शेवटी. पूर्ण ड्राइव्ह सिलेक्ट करून ओढून टाकायची चूक करू नका. एका खराब फाइलपाशी एक्सप्लोरर अडकतो आणि डिस्क त्याच खराब जागेवर डोकं आपटत बसते.

विंडोजमधलाच रोबोकॉपी हा फाइली कॉपी करणारा कमांडचा प्रोग्रॅम इथे फार उपयोगी पडतो, पण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये एक खोच आहे. फाइल वाचता आली नाही तर तो दहा लाख वेळा प्रयत्न करतो आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबतो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हे घातक आहे. म्हणून स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ हे दोन्ही द्यायचेच, म्हणजे एकदाच पुन्हा प्रयत्न आणि एक सेकंद थांबा. आतली सगळी फोल्डरं यावीत म्हणून स्लॅश ई, आणि कोणत्या फाइली राहिल्या हे नंतर कळावं म्हणून स्लॅश लॉग कोलन आणि पुढे लॉगच्या फाइलचं नाव. इथला स्लॅश आर आणि चेकडिस्कचा स्लॅश आर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

डिस्क याहून वाईट असेल, फोल्डरच उघडत नसतील, तर उबंटू लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून, म्हणजे मशीन पेनड्राइव्हवरूनच चालू करून, जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. त्याची खुबी अशी की तो फाइली पाहत नाही, सेक्टर पाहतो. आधी जिथे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो आणि अवघड जागा शेवटी ठेवतो. पहिली फेरी उणे एन देऊन करा, म्हणजे अडलेल्या तुकड्यांची खोदाखोद तो टाळतो. दुसरी फेरी उणे डी आणि उणे आर ३ देऊन, उरलेल्या जागांसाठी. दोन्ही वेळा तीच मॅपफाइल द्यायची. कुठवर आलो हे त्या फाइलीत असतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. मॅपफाइल न देता चालवलं तर अर्धा फायदा गेला. आणि कोणती डिस्क मूळची, कोणती नवी, हे एंटर मारण्याआधी क्षमता आणि सीरियल नंबरावरून दोनदा पाहा. उलट झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल डेटावर बसते.

हे चालू असताना तापमानाकडे लक्ष ठेवा. ५० च्या वर जायला लागलं तर टेबलफॅन डिस्कवर लावा, नाहीतर थांबवून थंड होऊ द्या.

डेटा हातात आल्यावर डिस्कची खरी परीक्षा. स्मार्टमॉनटूल्समधला स्मार्टसीटीएल हा प्रोग्रॅम डिस्कला स्वतःचीच चाचणी घ्यायला सांगतो: उणे टी शॉर्ट दिलं तर दोनेक मिनिटं, उणे टी लाँग दिलं तर संपूर्ण पृष्ठभाग. एक टीबीला साधारण दोन तास, चार टीबीला आठच्या आसपास. निकाल उणे एल सेल्फटेस्ट देऊन पाहायचा. कम्प्लीटेड विदाउट एरर आलं तर छान. रीड फेल्युअर आलं तर शेजारी पहिल्या खराब सेक्टरचा क्रमांक असतो. यूएसबी डिस्कला बहुतेकदा उणे डी सॅट जोडावं लागतं. ज्यांना कमांड नको, त्यांनी सीगेटचं सीटूल्स वापरावं.

मग पूर्ण फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅटची खूण काढून. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं, त्यामुळे सगळ्या पेंडिंग सेक्टरांचा निकाल लागतो. नंतर क्रिस्टल उघडा. सी५ शून्य झाला आणि ०५ हललाच नाही, तर ते सेक्टर बहुधा लिहिता लिहिता वीज गेल्यामुळे अर्धवट राहिले होते, तबकडी शाबूत आहे. सी५ उतरला पण ०५ तेवढाच चढला, तर पृष्ठभाग खरोखर गेला आहे. आणि फॉरमॅटनंतर आठवड्याभरात सी५ पुन्हा उगवला, तर ती डिस्क भंगार. तिच्यावर सिनेमेसुद्धा ठेवू नका, कारण सिनेमांसाठी म्हणून ठेवलेल्या डिस्कवर हळूहळू बाकीचंही जमा होतं.

चेकडिस्कची खरी जागा

स्मार्टचे आकडे स्वच्छ आहेत आणि तरी फाइली हरवताहेत, नावं विचित्र दिसताहेत, ड्राइव्ह फॉरमॅट करायला सांगतो आहे, तर मात्र चेकडिस्क बरोबर. नाव सीएचकेडीएसके असं टाइप करायचं, कमांड प्रॉम्प्ट रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून. पुढे नुसतं ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन दिलं तर फक्त वाचून अहवाल देतं, काही बदलत नाही. पहिल्यांदा हेच करा. स्लॅश एफ दिलं तर दप्तर दुरुस्त करतं, तीन टप्प्यांत, बहुतेकदा काही मिनिटांत. स्लॅश आर दिलं तर चौथा आणि पाचवा टप्पा जोडला जातो, त्यात फाइलींच्या आणि रिकाम्या जागेतला प्रत्येक क्लस्टर वाचला जातो. मोठ्या डिस्कवर याला काही तास लागतात आणि एकाच टक्क्यावर तासभर थांबलेलं दिसतं. तेव्हा मशीन बंद करू नका. विंडोज ८ पासून स्लॅश स्कॅनही आहे, ते मशीन चालू ठेवूनच तपासतं.

सी ड्राइव्ह वापरात असल्यामुळे तो पुढच्या वेळी तपासू का असं विचारतं. वाय दाबा आणि रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंदच झालेलं नसतं आणि तपासणी होत नाही. अहवाल पडद्यावरून झर्रकन निघून जातो, तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशनमध्ये विनइनिट या नावाखाली १००१ क्रमांकाने सापडतो. आईबाप हरवलेले फाइलींचे तुकडे फाउंड डॉट ००० या लपलेल्या फोल्डरमध्ये पडतात. ते पाहिल्याशिवाय पुसू नका. कधी कधी अख्खं फोल्डर तिथे असतं.

एक बारीक गोष्ट. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर घेतली, तर बाद क्लस्टरांची यादीही सोबत येते आणि नव्या कोऱ्या डिस्कवरची चांगली जागा बाद राहते. एकदा स्लॅश बी देऊन चेकडिस्क चालवलं की ती जागा पुन्हा तपासली जाते आणि मोकळी होते.

डिस्कचा दोष नसतो तेव्हा

सी७ वाढत असेल तर डिस्क बदलू नका, सॅटा केबल बदला. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा बिघडला की हा आकडा वाढतो. लाल रंगाची ती चपटी केबल कॅबिनेटचं झाकण लावताना दुमडते, इंग्रजी एलच्या आकाराचं तिचं प्लास्टिकचं तोंड ढिलं होतं, आणि पत्र्याची क्लिप नसलेली केबल तर पंख्याच्या थरथरीनेही किंचित सरकते. क्लिपवाली, एक मीटरच्या आतली केबल घ्या. सी७ कधीच शून्यावर येत नाही, म्हणून बदलल्यानंतरचा आकडा लिहून ठेवा आणि तो तिथेच थांबतो का पाहा.

दुसरा संशयित एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा. डिस्क सुरू होताना मोटरला सर्वाधिक करंट लागतो. जुना एसएमपीएस तेव्हा कोसळतो, डिस्क फिरायला लागून थांबते, पुन्हा फिरते. क्लिकसारखा आवाज येतो आणि सगळे म्हणतात डिस्क गेली. आधी ती दुसऱ्या मशीनवर लावून पाहा. पोर्टेबल डिस्कचंही तसंच: यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं, यूएसबी ३ चं ९००, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांपर्यंत बारीक वायरीतून येता येता त्यातलंही कमी होतं. डिस्क बारीक पिपाणीसारखा आवाज करत असेल तर मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावा. तरीही तोच आवाज आला तर मोटर अडकली आहे किंवा डोकं तबकडीला चिकटलं आहे. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका.

चांगल्या पोर्टवर, चांगल्या एसएमपीएसवर सुद्धा टक्, टक्, टक्, मग मोटर बंद, असं ऐकू आलं तर डोकं गेलं. हिशेब तिथेच थांबतो. डेटा हवा असेल तर वीज बंद करून धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच न्यायचं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला इंटरनेटवर अजून फिरतो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि तबकडीवर डाग पडतात. तशाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड बसवण्यानेही आताच्या डिस्क चालू होत नाहीत, कारण त्या विशिष्ट डोक्यांची मापं मूळ बोर्डावरच्या चिपमध्ये असतात.

वीज, ऊन, पाऊस, उंची

लिहिणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. वीज अचानक गेली की फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतून तयार होणाऱ्या विजेवर डिस्क डोकं कसंबसं बाजूला नेते. हे ती करू शकते, पण रोज दोनदा करायला लावणं बरोबर नाही. ६०० व्हीएचा यूपीएस बंद करण्यापुरती मिनिटं देतो. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, तेव्हा वर्षातून एकदा प्लग काढून पाहा. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं. एसएमपीएस जेमतेम १६ मिलिसेकंद दम धरतो आणि साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो, म्हणून दिवे लागलेले राहतात आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो.

बहुतेक डेस्कटॉप डिस्कची मर्यादा ६० अंश असते. गूगलच्या त्या अभ्यासात तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जातो तितका घट्ट निघाला नाही. फार गरम आणि तीन-चार वर्षं जुन्या डिस्कवरच तो ठळक होता. पण अकोला, चंद्रपूर, जळगावच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते आणि डिस्क तिच्यापेक्षा दहा-बारा अंश वर. दोन डिस्क असतील तर मध्ये एक खण रिकामा ठेवा आणि पुढे १२० मिलिमीटरचा पंखा लावा. ब्लोअरने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा. डिस्कच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं, शेजारी झाकू नका असं लिहिलेलं असतं. तिथून ती गाळणीतून श्वास घेते. त्यावर वॉरंटीचं किंवा मालमत्तेचं स्टिकर चिकटवू नका. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात, त्यांना हे छिद्र नसतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एसीतून बाहेर आणलेली डिस्क लगेच लावू नका, तासभर पिशवीतच राहू द्या. कपाटात ठेवलेल्या बॅकअप डिस्कच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घाला आणि सहा महिन्यांनी एकदा लावून पूर्ण वाचून काढा.

लडाखला जाणाऱ्या फोटोग्राफरांसाठी एक खास सूचना. साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याची कमाल उंची बहुधा ३,०४८ मीटर दिलेली असते. लेह ३,५०० मीटरवर आहे. डोकं हवेच्या उशीवर तरंगतं, हवा विरळ झाली की उशी पातळ होते. तिथे रोजचा बॅकअप एसएसडीवरच घ्या. तिला फिरणारा भागच नाही.

एसएसडी असेल तर

तिला डीफ्रॅग करायचं नाही. विंडोजचं ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज डिस्कचा प्रकार ओळखून हार्ड डिस्कला डीफ्रॅग आणि एसएसडीला ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवणं) करतं, आठवड्यातून एकदा, आपोआप. ते चालू राहू द्या, दुसरं सॉफ्टवेअर नको. एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या वेगवान एसएसडीवर क्रिस्टलमध्ये पर्सेंटेज यूज्ड, अव्हेलेबल स्पेअर आणि मीडिया एरर्स पाहा. शेवटचा आकडा शून्यच हवा. एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नाही: जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात, ठरलेलं लिखाण संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांना विजेविना एक वर्ष डेटा धरावा एवढीच अपेक्षा आहे. आपल्याकडचा उन्हाळा त्याहून गरम.

जुनी डिस्क घेताना, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली असो की ओळखीतली, ०९ ही चाललेल्या तासांची ओळ पाहा. वर्षाचे तास ८,७६०. २६,००० तास म्हणजे ती तीन वर्षं अखंड चालली आहे, बहुधा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये. तास शून्य किंवा दोन दिसत असूनही स्क्रूच्या भोकांभोवती चकाकणाऱ्या रेषा असतील, तर आकडे पुसलेले आहेत, घेऊ नका.

आणि जुनी डिस्क भंगारात देताना डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये क्लीन ऑल. नुसतं क्लीन फक्त पार्टिशनची नोंद काढतं, ऑल जोडलं तर सगळीकडे शून्य लिहिलं जातं. एक टीबीला दोन-तीन तास. त्याआधी लिस्ट डिस्क देऊन क्रमांक आणि क्षमता पाहा, मग सिलेक्ट डिस्क आणि तो क्रमांक. शंका असेल तर बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. लिहूनच घेत नसेल इतकी ती गेली असेल, तर ड्रिलने तबकडीत आरपार दोन-तीन भोकं पाडा. साडेतीन इंची डिस्कची तबकडी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. लॅपटॉपच्या अडीच इंचीची बऱ्याचदा काचेची असते आणि ती फुटून कपच्या उडतात, म्हणून डिस्क जुन्या फडक्यात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि मुलांना दूर ठेवा.